नाक्यापलीकडची पावती

कर्वेनगरातून निघालो तेव्हा स्कूटरच्या डिकीत पाचशे पत्रकं होती. ‘पंपवाल्यांची लूट थांबवा!’ मजकूर माझाच. उद्या आमच्या भागातल्या पंपावर मोर्चा होता आणि मला पुरावा हवा होता. तेव्हा खडकवासल्याच्या वाटेवर, महापालिकेच्या हद्दीबाहेर पेट्रोल स्वस्त मिळायचं. तिथली पावती आणून मालकाच्या तोंडावर मारायची होती.

निघताना आमच्याच पंपावर एक पत्रक दिलं. तिथे पेट्रोल भरणाऱ्या सुनंदाताईंनी ते वाचलं. “मोर्चा काढा हो, पण मागच्या वेळेसारखी काच फोडू नका. मालक आमच्या पगारातून कापतो. टाकी भरू?”

“इथं? अजिबात नाही.”

हे तत्त्व धायरी फाट्यापर्यंत पुरलं. तिथे स्कूटर बंद पडली. टाकीच्या तळाचं पेट्रोल इंजिनाकडे जावं म्हणून तिला रस्त्याकडेला आडवी केली. आयटीतली पोरं नव्या मोटारसायकलींवरून भर्रकन निघून गेली. गुऱ्हाळावरचे काका म्हणाले, “झोपवलीत? आता अंगाई म्हणा.”

कसाबसा हद्दीबाहेरच्या पंपावर पोचलो, लिटरभर पेट्रोल घेतलं. पावतीवरचा दर खरंच कमी! मी विजयाने पत्रक पुढे केलं. म्हाताऱ्या मॅनेजरांनी ते शांतपणे वाचलं, पाच लिटरचं माप (पंप पुरेपूर देतो का ते तपासायचं भांडं) आणलं आणि त्यावर खडूने रेघा ओढल्या.

“हितवर तेल कंपनीचं. हे दिल्लीचं, उत्पादन शुल्क. ह्यो राज्याचा विक्रीकर. आन् ही तुमच्या पालिकेची जकात. ती हितं न्हाय, म्हणून स्वस्त हाय.”

“आणि पंपवाल्याचं?”

उरलेल्या जागेवर त्यांनी अंगठा टेकवला. जागा झाकून गेली.

“मग हे बोर्डावर लिहीत का नाही?”

“इचारलंय कुणी? समदे आमालाच शिव्या घालत्यात.”

परतताना जकात नाक्यावर ट्रकांची रांग होती. त्याच जकातीतून माझ्या गल्लीतले दिवे जळतात, हे मला ठाऊक होतं. पत्रकात घातलं नव्हतं. कर घ्या ना, पण लपवून का? आणि मी तरी काय केलं? जी माणसं हाताशी होती, त्यांनाच चोर ठरवून मोकळा झालो.

सुनंदाताईंकडे टाकी भरली. मग बाहेरच्या कट्ट्यावर बसून एकेका पत्रकावरचा मथळा खोडायला लागलो. वर लिहीत गेलो, ‘दरात कुणाचा किती वाटा? पंपाच्या फलकावर लिहा!’ हात दुखायला लागला.

“म्हणजे उद्याचा मोर्चा रद्द?” सुनंदाताई मागे येऊन उभ्या होत्या.

“रद्द कसला? कलेक्टर कचेरीवर नेतोय.”

त्यांनी वाकून मथळा वाचला. पदराला हात पुसले आणि माझ्यासमोरचा निम्मा गठ्ठा उचलला.

“पेन आहे का आणखी एक? उद्या सुट्टी आहे माझी. येते.”