भोंग्याचा निरोप

इथले भुताखेतांचे अनुभव मी रोज दुपारी वाचते आणि निम्म्यांना मनातल्या मनात लाल शाईने शेरे मारते. पांढरी साडी, उलटे पाय... अहो, काहीतरी नवीन सांगा! माझे वडीलही माझ्यासारखेच शिक्षक होते. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात कुणा बाईच्या अंगात आलं की ते म्हणायचे, "आधी तिला पोटभर जेवायला घाला." मी त्यांचीच मुलगी. भूतखेत, दृष्ट, कौल — कशावरच माझा विश्वास नव्हता, आणि आज पंच्याऐंशीव्या वर्षीही नाही. तरी एक गोष्ट मला इतकी वर्षं पचलेली नाही. टायपिंग नातीचं आहे आणि शुद्धलेखन माझं, त्यामुळे चुका दिसल्या तर मलाच बोला.

साठच्या दशकातली गोष्ट. बोईसरहून तारापूरकडे जाताना तेव्हा सगळी भातशेती आणि ताडाची झाडं. समुद्राच्या बाजूला एका मोठ्या प्रकल्पाचं बांधकाम सुरू झालं होतं. आमचे हे तिथे स्टोअरमध्ये लागले आणि मला जवळच्याच गावी प्राथमिक शाळेत नोकरी मिळाली. दोन खोल्या, दोन शिक्षक — हेडमास्तर राऊत गुरुजी, ते तिथलेच, आणि मी. आम्ही शाळेच्या मागेच खोली घेऊन राहायचो. आमची शुभा पहिलीत होती, माझ्याच वर्गात.

शुभा सोडली तर बाकी सगळी मुलं कोळीवाड्यातली. ती पायवाटेने यायची. ही वाट एका टेकडीच्या अगदी पायथ्याने जायची, आणि त्याच टेकडीवर एका ठेकेदाराने दगडाची खाण काढली होती.

आता निरोपाबद्दल सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. मुलांच्या आईबापांना वाचता येत नव्हतं. घरी चिठ्ठी पाठवून उपयोग काय? म्हणून गुरुजींनी पद्धत पाडली होती. शाळा सुटताना रोज निरोप. देवीची लस टोचायला माणसं येणार आहेत, खडीचे ट्रक वाढलेत तेव्हा कडेने चाला, पिसाळलेला कुत्रा फिरतोय... जे असेल ते फळ्यावर लिहायचं, मुलांनी तीनदा मोठ्याने म्हणायचं आणि घरी जाऊन तसंच्या तसं सांगायचं. मुलं पाटी विसरायची, पाढे तर हमखास विसरायची, पण निरोप विसरायची नाहीत.

दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला असेल. गुरुजी पालघरला मीटिंगला गेले होते, सगळी शाळा माझ्या एकटीच्या वर्गात. दुपारी खाणीवरून एक माणूस कागद देऊन गेला. इंग्रजीत टाईप केलेला, कार्बनची कितवी प्रत कोण जाणे, अक्षरं पार फुटलेली. उद्या सकाळपासून सुरुंग लागणार आणि सायरन दोनदा वाजणार, इतकं मला कळलं. खाली एक ओळ होती — 'नो वन टु क्रॉस बिफोर सेकंड सायरन.'

मी मॅट्रिक झालेली, इंग्रजीत काठावर पास. 'नो' म्हणजे नंबर, हे मात्र मला पक्कं ठाऊक. हजेरीपटावर रोल नंबरच्या रकान्यावर तीच दोन अक्षरं छापलेली असायची. मी वाचलं — नंबर एक, दुसऱ्या सायरनच्या आत ओलांडणे. मग नंबर दोन कुठे आहे, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही! हसू येतंय ना? खुशाल हसा. मला अजून येत नाही.

फळ्यावर मी ठळक अक्षरांत लिहिलं — 'पहिला भोंगा झाला की पळा. दुसऱ्या भोंग्याच्या आत टेकडी ओलांडा.' मुलांकडून तीनदा म्हणवून घेतलं. 'पळा' म्हणताना दर वेळी मी टाळी वाजवली, म्हणजे डोक्यात बसेल. सत्तावीस मुलं ते घेऊन घरी गेली.

त्या संध्याकाळी शुभा घरात भोंगा-भोंगा खेळत होती. तोंडाने भोंगा वाजवायचा आणि "पळा!" म्हणून टाळी वाजवत दारापासून चुलीपर्यंत धावायचं. मी दोनदा तिच्यावर ओरडले, हे मला स्वच्छ आठवतंय.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला गुरुजी आले. मी मोठ्या ऐटीत कागद त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी कागद वाचला, मग फळा वाचला, मग पुन्हा कागद.

"बाई, हा काय लिवलात?"

"निरोप. काल दिला मुलांना."

"अहो, नो वन म्हणजे कोणीच नाय! दुसरा भोंगा होईस्तोवर कोणी त्या वाटेला फिरकायचा नाय... त्या मधल्या वेळातच सुरुंग उडणार हाय!"

आणि पहिला भोंगा वाजला.

शुभाला वर्गात टाकून मी धावले. पदर खोचायचंही सुचलं नाही. मुलं याच वेळेला टेकडीजवळ पोचतात, हे मला माहीत होतं. मी काल टाळ्या वाजवून सांगितलं होतं आणि ती माझं ऐकणारी मुलं होती... एकेकाचं नाव मनात येत होतं, हजेरीच्या क्रमाने. आपण सत्तावीस मुलं मारली, एवढंच डोक्यात होतं. मागून गुरुजी धापा टाकत येत होते.

टेकडीच्या अलीकडे खाणीचा एक माणूस लाल निशाण घेऊन उभा होता, रस्त्यावरचे ट्रक थांबवायला. त्याने मला दंडाला धरून अडवलं.

"रुकिए बहनजी! उधर कोई नहीं है।"

"आहेत! मुलं आहेत!" मी ओरडले, आणि त्याच क्षणी जमीन हादरली. एकापाठोपाठ एक. वाटेवर दगड पडत होते ते आम्हाला तिथून दिसत होते. त्याने मला सोडलं नाही. पुढे किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण दुसरा भोंगा झाला आणि त्याची पकड सुटली.

वाटेवर धूळच धूळ. जात्याच्या तळीएवढा एक धोंडा बरोबर मधोमध पडला होता. मी खाली बघत चालले होते... पाटी दिसते का, टोपी दिसते का. काही नव्हतं.

वळणापलीकडे ताडांखाली सगळी मुलं रांगेत बसली होती. मांडीवर पाट्या, हाताची घडी. समोर चौथीतली मंजुळा उभी, सगळ्यांवर नजर ठेवून.

"बाय, दुसरा झाला," ती म्हणाली. "आता उठू आमी?"

गुरुजींनी विचारलं, "तुमाला बसायला कोणी सांगितला?"

"बायनीच ना! काल निरोप दिला तो."

आणि कुणी न सांगता सगळ्यांनी एका सुरात म्हणून दाखवला — "पहिला भोंगा झाला की बसा. दुसरा भोंगा झाल्याशिवाय उठू नका." तीनदा. आणि 'बसा' म्हणताना दर वेळी टाळी.

मी तिथेच मटकन बसले आणि रडले. मुलं घाबरली, बाय का रडते म्हणून.

माझं डोकं ताळ्यावर आल्यावर पहिला विचार हाच आला की घरच्यांनी दुरुस्त केलं असणार. खाणीवरून कोणीतरी कोळीवाड्यात सांगून गेलं असणार. दुपारी मी स्वतः तिथे गेले. मंजुळाची आई हिराबाय बोंबील वाळत घालत होती.

"खानीवरून कोन येतंय बाय इथे? सुरुंग लागनार ते आमाला पोरीकडूनच कलला. काल आल्या आल्या बोलली, बाय बोलल्या बसा."

मी आणखी चार घरं फिरले. सगळीकडे तेच. निरोप मुलांनी आणला होता, आणि तो माझा नव्हता.

बरं, मीच बोलताना 'बसा' म्हणाले असेन आणि विसरले असेन? पण मग फळा? माझ्या अक्षरातला 'पळा' तिथे तसाच होता, गुरुजींनी वाचला होता. मी मंजुळाला फळ्यासमोर उभं केलं. वाचनात ती शाळेत पहिली. तिने वाचलं, थांबली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "बाय, काल असा नव्हता."

गुरुजींनी फळा स्वतः पुसला. "जाऊ द्या बाई. पोरं जगली ना," एवढंच म्हणाले. पुन्हा कधी त्यांनी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

दोन दिवसांनी हिराबाय सुक्या बोंबलांची टोपली घेऊन दारात. आम्ही शाकाहारी, ते तिला ठाऊकच नव्हतं. "तुमी सांगितला म्हनून वाचली पोरं," म्हणाली आणि माझ्यापेक्षा वयाने मोठी असून माझ्या पाया पडली. तेव्हा बोलायला हवं होतं. मी टोपली घेतली. बदली होईपर्यंत दर वर्षी घेतली आणि शेजारी देऊन टाकली. लाज वाटायची, पण तोंड उघडलं नाही.

मागच्या महिन्यात मी शुभाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या दिवशी मी काय निरोप दिला होता गं?" ती आता पासष्टीची आहे. गुडघ्याला तेल चोळता चोळता म्हणाली, "पळा. तू टाळीसुद्धा वाजवली होतीस. का?"

म्हणजे वर्ग एक, फळा एक, बाई एक. मी म्हणाले ते जसंच्या तसं ऐकलं फक्त शुभाने, आणि अख्ख्या वर्गात तिला एकटीलाच ती टेकडी ओलांडायची नव्हती. यावर मी पुष्कळ डोकं चालवलंय. वडील असते तर काय म्हणाले असते, याचाही विचार केलाय.

मंजुळाचा अजून फोन येतो. यंदा गुरुपौर्णिमेला तिने नातवंडांना फोनवर घेतलं आणि त्यांना सांगितलं, "ह्या बायनी बसवला म्हनून तुमची आजी हाय." मी नुसतं "सुखी राहा" म्हटलं.

मंजुळा, मी 'पळा' म्हणाले होते. तुला फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. 'बसा' कोण म्हणालं, ते मला माहीत नाही.