झेल घेतल्यानंतरची पावलं

माझी बायको गेली त्याला आता दोन पावसाळे झाले. मुली म्हणतात, बाबा, काहीतरी लिहीत बसा, नुसतं भिंतीकडे बघू नका. मी सातवीपर्यंत शिकलो, तेही मास्तरांच्या दयेने. लिहिण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही. एक गोष्ट आहे, ती एका खेळाची आहे. खेळ माझा नव्हता, त्यातली चूक माझी होती.

मस्कतला मी एका कंपनीत ड्रायव्हर होतो. ऑफिस अल् खुवैरला. दोन हजार साल यायला अजून एखाद-दोन वर्षं होती. बायकोही त्याच शहरात, एका गोऱ्या कुटुंबाकडे मुलं सांभाळायला. आमच्या दोन मुली वसईला माझ्या आईकडे. नवरा-बायको एका गावात, पण मी कंपनीच्या खोलीत पाच जणांबरोबर, आणि ती त्या लोकांच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत. भेट फक्त शुक्रवारी. तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून आम्हा ख्रिस्ती लोकांचा रविवारही शुक्रवारीच. सकाळी मिस्सा, मग बाजार, आणि दिवस मावळायच्या आत तिला परत सोडायचं. इतकाच संसार.

कंपनीत काही अमेरिकन इंजिनियर होते. ऑफिसमागे खडी-मातीची मोकळी जागा होती, तिथे ते शुक्रवारी दुपारनंतर त्यांचा फुटबॉल खेळायचे. पाय क्वचितच लावतात, तरी फुटबॉल म्हणतात. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता. आम्ही ड्रायव्हर-मेकॅनिक लोक त्याला पपई म्हणायचो. एकाने पपई फेकायची, दुसऱ्याने पळता पळता झेलायची आणि झेलून पुढे जात राहायचं, शेवटच्या रेघेपर्यंत. कमरेला दोन फडकी खोचलेली. समोरच्या माणसाने त्यातलं एक उपटलं की तुम्ही तिथेच थांबायचं. झेलल्यापासून थांबेपर्यंत जेवढी पावलं गेलात, ती तुमची कमाई.

एकदा त्यांना एक माणूस कमी पडला. मी गाडीशी उभा होतो. थोरल्या साहेबाने, म्हणजे जो नेहमी फेकायचा त्याने, मला हात करून बोलावलं. मी गावात क्रिकेट खेळलेला माणूस, माझ्या हातातून झेल सुटत नसे. पहिलाच चेंडू उंच आला. मी खाली जाऊन उभा राहिलो, दोन्ही हातांनी छातीशी घेतला, आणि हात वर करून तसाच उभा. मला वाटलं, आता सगळे टाळ्या वाजवतील. एकाने सावकाश येऊन माझं फडकं काढून घेतलं.

आमचा एक मालवणी मेकॅनिक कडेला बसून बघत होता. तो ओरडला, "अरे मेल्या, कोण आउट झालो?"

सगळं त्यात आलं. क्रिकेटमध्ये झेल घेतला की काम संपतं. या खेळात तिथून सुरू होतं. हे मला एका दिवसात कळलं, पण अंगाला कळायला फार दिवस गेले. साहेबाला माझे हात आवडले होते, म्हणून मला दर शुक्रवारी घेऊ लागले. माझ्यापेक्षा जास्त झेल सोडणारे होते, पण पावलं त्यांची जास्त व्हायची. माझी दोन, फार तर तीन. खरं सांगतो, मला ते लागायचं. आठवडाभर दार उघडून धरणारा माणूस मी. त्या खडीवर मात्र मला कोणी ड्रायव्हर म्हणत नसे.

बायको कडेला मेकॅनिकच्या शेजारी खोक्यावर बसायची, नखं खात. ती कोळ्याची पोर. आमच्या वाड्यात बायका नवऱ्याला अरेतुरेच करतात, आणि ती तर चारचौघांतही करायची. तीन-चार शुक्रवार बघून तिने मला सांगितलं की मी चेंडू अंगावर घेतो, तिथे चुकतं. छातीशी धरला की खांदे आत येतात, गुडघे वाकतात, माणूस घरात शिरल्यासारखा स्वतःत शिरतो. मग पुन्हा उभं राहून पळायचं, तोवर फडकं गेलेलं असतं. तिचं लहानपण होडीवरून मासळीच्या पाट्या उतरवण्यात गेलं. पाण्यात कमरेइतकं उभं राहायचं, वरून पाटी टाकतात. पाटी पोटाशी धरली तर लाट खाली बसवते.

"हात पुढे," ती म्हणाली, "पाय आधीच किनाऱ्याकडे. आणि डोळे पाटीवरून काढायचे नाहीत, हातात बसेपर्यंत. किनारा काय पळून जात नाही."

साहेबही तेच सांगत होता, पण इंग्रजीत. चेंडू छातीच्या वर असेल तर अंगठे जवळ, खाली असेल तर करंगळ्या जवळ. बोटांनी धरायचा, तळव्याने नाही. धरला की लगेच काखेत, समोरचा माणूस ज्या बाजूला असेल त्याच्या उलट बाजूच्या. मी मान हलवायचो. समजलं बायकोमुळे.

अल मवालेहच्या भाजी मार्केटमधून ती एक कच्ची पपई घ्यायची, आणि मार्केटच्या पार्किंगमध्ये मला सराव द्यायची. मी पाठ करून पळायचो, ती हाक मारायची, मी मान वळवायचो, पपई हवेत. पाकिस्तानी हमाल हातगाड्या थांबवून बघायचे. एकाने तिला विचारलं होतं, बाजी, म्हणजे ताई, याने काय गुन्हा केला. फुटली तर तूच खायची, असं ती मला बजावायची. दोन-तीन फुटल्या. नंतर फुटायच्या बंद झाल्या. पार्किंगमध्ये मी वीस-वीस पावलं न अडखळता जाऊ लागलो. मैदानात मात्र, कोणी अंगावर आलं की, जुनं ते जुनं. चेंडू छातीवर आणि मी उभा.

मग ती कामाला होती त्या घरच्या साहेबाची बदली झाली. ते देश सोडून चालले, तिचा व्हिसा खलास. मी दोन ठिकाणी विचारून पाहिलं, जमलं नाही. शनिवारचं तिकीट आलं. आदल्या दिवशी शुक्रवार. मिस्सानंतर तिने काही खाल्लं नाही. म्हणाली, "एकदा तुला ती रेघ ओलांडताना बघते, मग जाते. पोरी विचारतील, बाबा काय करतात तिकडे. सांगू काय, उभे राहतात?"

हसत म्हणाली. पण तिला ते हवं होतं, हे मला दिसत होतं. आम्ही पुन्हा किती महिन्यांनी भेटणार ते आम्हाला माहीत नव्हतं. जाताना काहीतरी बघून जावं असं तिला वाटत होतं. मलाही तेच वाटत होतं, कदाचित जास्तच.

साहेबाला मेकॅनिकने तिच्या जाण्याचं सांगून ठेवलं होतं. खेळ संपत आला तेव्हा त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. मी निघालो. डाव्या अंगाने तिरका, पुढे कोणी नाही, मागे एकच माणूस, तोही चार हात लांब. चेंडू इतका सरळ आला की लहान पोराने धरला असता. हात पुढे न्यायचे होते. मी नेले नाहीत. छातीवर घेतला, वाकलो, आणि थांबलो. हात वर केले नाहीत एवढंच. मागच्याने फडकं ओढलं तेव्हा मी रेघेपासून दहा-बारा पावलांवर होतो.

मेकॅनिक ओरडायचं सोडून हात झटकत बसला. ते मला जास्त लागलं.

तिला सोडायला जाताना पिकअपमध्ये ती म्हणाली, थोडक्यात राहिलं. मी म्हणालो, "तू बघत होतीस म्हणून झालं. तुझी नजर पाठीवर होती माझ्या. एरवी केलं असतं."

हे खोटं होतं. ती तर दर शुक्रवारी बघायची. तोंडातून गेलं, आणि गेल्यावर मी ते परत घेतलं नाही. माझा स्वभाव तसाच. ती काचेतून बाहेर बघत राहिली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर तिने माझी कॉलर नीट केली, औषधं वेळेवर घे म्हणाली, आणि गेली.

त्यानंतर महिनाभरात मी ती रेघ ओलांडली. काहीच विशेष नव्हतं. हात आपसूक पुढे गेले, चेंडू बोटांत बसला, काखेत गेला, आणि पाय थांबले नाहीत. सगळ्यांनी पाठ थोपटली. खोक्यावर मेकॅनिक एकटा होता. पुढे मी पुष्कळदा ओलांडली, साहेब देश सोडून जाईपर्यंत.

बायकोला कळवलं नाही. फोनवर तिने विचारलं, खेळतोस का, तर मी सांगितलं, बंद झालं. कळवलं असतं तर तिला वाटलं असतं, खरंच, मी नव्हते म्हणून जमलं. आणि ते तसं नव्हतं हे सांगायला आधी माझं खोटं कबूल करायला हवं होतं. तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

सुट्टीवर घरी आलो की मी बघायचो. मी शिडीवर चढून कौलं नीट करायला लागलो की ती आत निघून जायची. गाडी मागे घेत असलो की तोंड फिरवायची. एकदा पाहुणे होते, बॅडमिंटनची रॅकेट माझ्या हातात दिली, तर ती उठून चहा ठेवायला गेली. मी विचारलं, कुठे चाललीस. म्हणाली, "तुझं चालू दे. मी नाही बघत." रागाने नाही, साधंच. एका वाक्यापायी तिने इतकी वर्षं मान वळवली, आणि मी वळवू दिली.

कायमचा परत आलो तेव्हा आमची दोघांची वयं झाली होती. मग तिचं आजारपण. शेवटच्या महिन्यात ती खाटेवरच होती. एक दिवस दुपारी मी तिला पेज भरवत होतो, थोडी सांडली, आणि तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, ही अजूनही बघत नाही. मी वाटी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. की ते तुझ्यामुळे नव्हतं. माझं अंगच तसं होतं, मी लपवलं. आणि नंतर ती रेघ ओलांडली, पुष्कळदा, तुला सांगितलं नाही.

तिने डोळे उघडले. मग म्हणाली, "पुष्कळदा?"

मी हो म्हणालो.

"मग एकदा तरी फोन करायचास, मेल्या. पोरींना सांगितलं असतं."

एवढंच. नजरेचं, पिकअपमधल्या बोलण्याचं तिने काही काढलं नाही. ते ती केव्हाच सोडून बसली होती की अजून मनात होतं, मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. पेज गार झाली म्हणून मी गरम करायला उठलो.


पोरींना मी अजून सांगितलेलं नाही. आता या कागदावरून कळेल.