दत्ताचा डावा कान

मला ओळखणारे हसतील. न सांगितलेली गोष्ट, आणि माझ्याकडे? लोणावळ्यात चार माणसं जमली की नकला करून हसवणारा मी. याच्या पोटात काही राहत नाही, म्हणतात. एक राहिलंय. अकरा वर्षं.

माझा मित्र दत्ता कान्हे गावचा. नोकरी देहूरोडला, सुट्टीचा दिवस माझ्या घरी. माझ्याकडे मॉड्युलर सिंथेसायझर आहे, विजेवर सूर काढणारं वाद्य — लाकडी चौकटीत बसवलेली नॉबवाली मॉड्यूल्स, वायरींनी एकमेकांना जोडलेली. त्यातला ॲनालॉग डिले दत्ताने हाताने बनवलेला. एक सूर सोडा, तो थोडा थांबून परत येतो, मग पुन्हा — दर खेपेला जरा मळलेला, जरा थकलेला. काय सुंदर बनवला होता गड्याने! पुण्या-मुंबईहून मागणी येऊ लागली होती. नोकरी सोडून हेच करीन, म्हणत होता.

बघा, कौतुकातच रमलो. मुद्द्यापाशी आलं की माझी जीभ का अडते?

त्या डिलेवर एक नॉब असतो, आवाज किती वेळा परत यावा ते ठरवणारा. ठरावीक खुणेपलीकडे फिरवला की परत येणारा आवाज विरत नाही. प्रत्येक फेरीला फुगतो, आणि दोन-तीन सेकंदांत किंकाळी होते. आम्हा वाजवणाऱ्यांची ही आवडती गंमत. दत्ता मात्र डिले तपासताना सूर ऐकत नसे, शांतता ऐकत असे. आवाज पूर्ण वाढवायचा, हेडफोनची एक बाजू डाव्या कानाला दाबायची, डोळे मिटायचे — आणि मागे डिलेतल्या चिपची बारीक शिट्टी येतेय का, ते शोधत बसायचं.

त्या दुपारी तो तसाच बसला होता. आणि मला — काय सांगू? — गंमत सुचली. कसा दचकेल, एवढंच डोक्यात. नॉब मी फिरवला. आवाज पूर्ण वाढवलाय हे विसरलो नव्हतो. माहीत होतं.

तो खुर्चीवरून खाली पडला. मी आधी नॉब जागेवर आणला, मग त्याला उचललं. हो — याच क्रमाने.

"तू हात लावला व्हतास का रं?"

"छे! तुझाच कुठला तरी जोड कच्चा राहिला असेल."

तीन आठवडे त्याने मॉड्यूल उघडून एकेक जोड पुन्हा सोल्डर केला. सापडणार काय? डाव्या कानात शिट्टी तेवढी राहिली, ऐकू येणं गेलं. "माज्या हातावर भरवसाच न्हाई राह्यला," म्हणाला आणि आलेल्या मागण्या परत केल्या. देहूरोडची नोकरी अजून चालू आहे.

आणि मी? ती दुपार मी मैफलीत सांगतो. दत्ताचा कच्चा जोड! पडण्याची नक्कलही करतो.

गेल्या महिन्यात कामशेतला त्याच्या मुलीचा साखरपुडा झाला. जेवणं आटोपल्यावर त्यानेच मला खांद्याला धरून पुढे ढकललं. "सांग की भाऊ, माजी फजिती. व्याही लय हसत्याल."

नाही म्हणता आलं असतं. आलं असतं ना? मी उभा राहिलो, डोळे मिटले, कानाला हात लावला, आणि पडलो. मंडप हसला. दत्ता उजवा कान माझ्याकडे करून ऐकत होता, आणि व्याह्यांना सांगत होता, "व्हय, माजीच चूक व्हती ती."