भाड्याने आणलेलं हत्तीचं गाणं

मी कधी भुताखेतांच्या वाटेला गेले नाही. तेवढी सवडच नव्हती. सकाळी नळाची वाट बघायची, दुपारी पोर सांभाळायचं, रात्री पाठ टेकली की मेल्यासारखं झोपायचं... माझ्यासारखीला भूत दिसलं असतं तरी मी त्याला म्हटलं असतं, बाबा, उद्या ये. त्यामुळे असले अनुभव वाचताना मला लोकांच्या उत्साहाचंच नवल वाटायचं. आता स्वतःच लिहायला बसलेय. यात अमावस्या नाही, पिंपळ नाही. एक व्हिडिओ कॅसेट आहे आणि ती बघून मतं देणारे आईबाप आहेत. त्यातलं जास्त त्रासदायक काय, ते तुम्हीच ठरवा.

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. आम्ही आंध्रातल्या आदिलाबादला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. माझं माहेर बोथचं, यांचं गाव भीमपूरकडे, पार महाराष्ट्राला लागून. क्वार्टर म्हणजे पुढे एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. ओट्यापाशी उभं राहिलं की पुढच्या खोलीतलं काही दिसत नसे. पोर काय करतेय ते बघायला दर वेळी हात पुसत बाहेर यावं लागे.

आणि बघावं लागे, कारण आमची चिमी चार वर्षांची होत आली तरी बोलत नव्हती. ऐकू सगळं यायचं. कुकरची शिट्टी झाली की दचकायची, बापाची सायकल ओळखायची. पण तोंडातून शब्द नाही. आईसुद्धा नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, पोरीच्या कानावर भाषा फार पडतात, ती गोंधळलीय. डावीकडे पद्माअक्का राहायच्या, तेलुगू शाळेत मास्तरीण. उजवीकडे शमीमभाभी. चिमी दिवसभर या दोन घरांत. डॉक्टर म्हणाले, एकच भाषा ठेवा. गाणीबिणी नको, सुटा सुटा शब्द म्हणा, चित्र दाखवून. झालं! मी दोघींना जड मनाने सांगितलं की चिमीशी बोलायचं तर मराठीत, नाहीतर नकोच. दोघीही चांगल्या बाया, रागावल्या नाहीत. पण हाका मारायच्या बंद झाल्या. चिमी दारात उभी राहून एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे.

मी आपली प्राण्यांचा तक्ता घेऊन बसायची. हत्ती. हत्ती. बघ चिमी, हत्ती. घसा सुकून जायचा. आधी मी तिला झोपवताना गायची, बरं गायची म्हणे. तेही सुटलं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, आणि खरं सांगायचं तर अंगात त्राणच उरलं नव्हतं. सगळे म्हणायचे, होईल, होईल. त्या 'होईल'चा मला वीट आला होता.

चिमीच्या वाढदिवसाला यांनी व्हीसीआर भाड्याने आणला. दोन सिनेमे, आणि वर एक बिनचिठ्ठीची कॅसेट. दुकानदाराने म्हणे सांगितलं, बच्चों का है, झू के जानवर हैं, गाना है. दुपारी दोन्ही शेजारणी आपापली पोरं घेऊन आल्या. मी डॉक्टरांच्या सांगण्याची आठवण करून देणार होते, पण हे म्हणाले, "एक दिवस राहू दे ना वं. पोरगी काऊन एकटी बसंल आज?" मग मीही सोडून दिलं.

कॅसेट सुरू झाली तेव्हा मी आत भजी तळत होते. तेलाचा चरचराट, शेजारी चहा उतू जायच्या बेतात, कपाळावरून घाम. बाहेर काय वाजतंय याकडे माझं लक्ष नव्हतं. पोरं हसताहेत, टाळ्या वाजवताहेत, एवढं कळत होतं. भज्यांची परात घेऊन बाहेर आले तेव्हा कॅसेट संपून पडद्यावर नुसत्या खरखरीच्या मुंग्या आल्या होत्या. चिमी अगदी टीव्हीपुढे बसलेली, तोंड उघडं.

आणि मग सुरू झाली मतं. आईबापांना पोरांच्या कुठल्याही गोष्टीवर मत हे असतंच.

पद्माअक्का म्हणाल्या, "हत्तीचा गाणा चाला बागुंदि, फार छान! पण माकडाचा नको होता. माकड ताट फेकतो, आता आमचा हा पण फेकणार." भाभींचं म्हणणं वेगळं. "माकड तो ठीक था. वो रीछ वाला गाना बच्चों को नक्को दिखाओ. रीछ अपनी माँ को ढूंडता फिर रा... मेरेकूच रोना आ गया." आमचे हे भजं तोंडात टाकत म्हणाले, "मले तं हत्तीचंच आवडलं. पण लई लांबवलं."

मी म्हटलं, चला, भांडण नाही झालं म्हणजे मिळवली. तेवढ्यात अक्का मला चिडवत म्हणाल्या, "शेवटी तुमच्या घरात तेलुगू आली की नाही? आता डॉक्टर रागवणार!"

हे हसले. "तेलुगू कुठं आली, अक्का? मराठीच तं होतं. माही माय बोलते ना गावाकडं, तशी बोली होती. मी तेच म्हणून राह्यलो, कॅसेटवाल्याईले ही बोली कुठं भेटली?"

भाभी दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. "क्या मजाक कर रे आप लोगां? इत्ती साफ उर्दू थी. मेरी अम्मी ऐसाच बोलते थे."

मला वाटलं, तिघं मिळून माझी थट्टा करताहेत. मी जरा चिडलेच. दिवसभर उभी राहून पाय भरून आले होते आणि यांना खेळ सुचत होते. पण अक्कांनी हत्तीच्या गाण्याची ओळ तेलुगूत म्हणून दाखवली. यांनी तीच ओळ गावच्या बोलीत म्हटली. चाल एकच. मग मात्र कुणी हसेना. हे उठले, कॅसेट बाहेर काढली, कागदाच्या कपट्याने व्हीसीआरचं हेड पुसलं आणि म्हणाले, "पुन्हा लावू. तूही बस इथं. तूच सांग."

मी स्टोव्ह बंद केला आणि येऊन बसले. पदराने तोंड पुसलं, मांडी घातली.

कॅसेट पहिल्यापासून लागली. झूमधलं चित्रीकरण, थोडं हललेलं. जिराफ. माकडं. कोपऱ्यात बसलेलं अस्वल. मागे पेटीसारखी नुसती चाल वाजत होती. शब्द नव्हते. कुणी गातच नव्हतं! हे आवाज वाढवत गेले, तर टीव्हीची खरखर वाढली, बस. अक्कांनी हात जोडले. भाभी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या. माझ्याकडे कुणी विचारायलासुद्धा वळलं नाही.

तेवढ्यात पडद्यावर हत्ती आला, पाय बांधलेला, जागच्या जागी झुलणारा. चिमी उठली. काचेवर बोट ठेवलं. मागे वळून बापाकडे बघितलं आणि म्हणाली, "हत्ती."

मग ती अक्कांकडे वळली. "एनुगु." मग भाभींकडे. "हाथी." स्पष्ट, तक्रार केल्यासारखं, तुम्हाला एवढंही समजत नाही का, अशा सुरात.

मग तिने माझ्याकडे बघितलं. तक्ता घेऊन घसा कोरडा केला होता तो मी... आता मला काय म्हणते याची वाट बघत राहिले. तिने मला काहीच सांगितलं नाही. येऊन मांडीवर बसली, पदराचं टोक तोंडात घातलं आणि हत्ती बघत राहिली. अक्का रडत होत्या, हे डोळे पुसत होते, मीही रडले. पण खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी लागलं. सगळ्यांना एक एक शब्द मिळाला आणि मला नाही.

दुसऱ्या दिवशी हे दुकानात विचारून आले. दुकानदार म्हणाला, लग्नाची शूटिंग करणाऱ्या कुणीतरी नवा कॅमेरा झूमध्ये चालवून बघितला होता, त्याच्यावर पेटी भरून दिली होती. गाणं? गाना माने म्यूझिक, साब. तेवढंच.

त्यानंतर चिमी हळूहळू बोलायला लागली. दोन्हीकडच्या हाका पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरांकडे आम्ही परत गेलो नाही. यांचं मत कायमचं ठरलं, "पोरगी आधीपासून सगळं ऐकून राह्यली होती, भूत-बीत काही नाही." शब्दांचं ते उत्तर मलाही पटतं. गाण्याचं विचारलं की हे पेपर उघडतात.

चिमी पाचवीत असतानाची गोष्ट. आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी सहज विचारलं, "त्या दिवशी सगळ्यांना हत्ती म्हणालीस, मला का गं नाही?"

ती शेंगांवरून मान वर न करता म्हणाली, "तुले काय सांगायचं? तूच तं म्हणत होती ते गाणं."

"मी? मी तर आत भजी तळत होते."

"हो ना. आतूनच म्हणत होती. टीव्हीत कुठं होतं गाणं? माकड आलं की माकडाचं, अस्वल आलं की अस्वलाचं. मग तू बाहेर येऊन बसली, अन् बंद केलं."

माझे हात थांबले. त्या ओट्यापासून टीव्ही दिसत नाही. मला उर्दू येत नाही, तेलुगू बाजारापुरती. आणि गाणं तर मी कधीच सोडलं होतं, एवढी थकले होते मी. हे सगळं तिला सांगावं असं वाटलं, पण तिला त्यात काही नवल वाटतच नव्हतं.

"म्हण ना पुन्हा एकदा," ती म्हणाली. "हत्तीचं."

किती वर्षं झाली. मी अजून आठवून बघते. मला त्यातला एक शब्दही येत नाही.