दोन खिडक्यांमधली भिंत

समोरच्या टॉवरच्या गॅलरीत कुणीतरी हिरवी साडी वाळत घातली आहे. ती वाऱ्याने फुगते आणि माझा जीव जळतो.

साथीत बाबांना ताप आला, तेव्हा तपासणीला आलेल्या बाई चाळीच्या दारातूनच म्हणाल्या, "यांना वेगळ्या खोलीत ठेवा हं."

"ठेवते," आई म्हणाली. बाई गेल्यावर तिने आमच्या एकुलत्या एका खोलीत मधोमध दोरी बांधली आणि तिच्यावर आपली हिरवी साडी टांगली. पलीकडे बाबा, अलीकडे आम्ही. चहाचा कप खालून सरकवायचा. साडीने खोकला थोडाच अडतो? आम्ही सगळेच आजारी पडलो.

तेव्हा समोरच्या टॉवरमध्येही कुणी आजारी होतं. एका खिडकीत तो माणूस एकटा पुस्तक वाचत बसलेला दिसायचा, शेजारच्या खिडकीत घरचे जेवताना. त्यांच्या गाडीचा, लिफ्टचा मला कधी हेवा वाटला नाही. त्या दोन खिडक्यांमधल्या भिंतीचा वाटला, आणि अजून वाटतो. तो माणूस बरा झाला.

आत्ता समोरची बाई आली, साडी वाळली का ते चाचपून पाहिलं आणि घडी घालून आत घेऊन गेली. उद्या नेसेलही.

आमची भिंत बाबा गेल्यापासून ट्रंकेत घडी करून ठेवली आहे. आई ती नेसत नाही, कुणाला देतही नाही.