लॉरेनची साक्ष

इंग्लंडमधल्या डडलीच्या पाव-कारखान्यात मर्लिन ब्रेथवेट भट्टीवर लागली तेव्हा तिची मुलगी रांगत होती. आता ती मुलगीही कामाला जायला लागली होती. मर्लिन काळी; तिचे आईबाप वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोसहून आलेले, ती मात्र जन्मापासून डडलीचीच. दिवसपाळीच्या प्रमुखाची जागा निघाली तेव्हा ती आपल्यालाच मिळणार, असं ती धरून चालली होती. मिळाली लॉरेन हॉजकिसला. लॉरेन गोरी, शिवाय मर्लिनच्याच हाताखाली शिकलेली.

मॅनेजर क्लाइव्ह ट्रँटर एवढंच म्हणाला, की मर्लिनचं सुरक्षेचं प्रशिक्षण झालेलं नाही. तिला रागापेक्षा नवलच जास्त वाटलं. हा माणूस तिला कधी वाकडं बोलला नव्हता. नाताळात तिनं केलेला रमचा केक मागून मागून खायचा. मग त्याच्या मनात होतं तरी काय?

युनियनचा गॅरेथ म्हणाला, "त्याच्या मनात कशाला शिरताय? तुमच्या जागी गोरी बाई असती तर तो तसाच वागला असता का, एवढं बघायचं. संशयाला जागा आहे हे आपण दाखवलं, की रंगाचा संबंध नव्हता हे सिद्ध करणं कंपनीच्या गळ्यात."

"जागा गोरीला मिळाली, एवढ्यावर भागेल?"

"नाही. बहुतेक दावे तिथंच आपटतात."

प्रमुख झाल्यापासून लॉरेन मर्लिनला टाळत होती. मर्लिननं तिला कँटीनमध्ये गाठलं आणि सरळ प्रशिक्षणाचं विचारलं.

"अगं, मी तरी कुठं केलंय?" लॉरेन हळूच म्हणाली. "मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

मर्लिन दावा लावणार होती; हे कामगार न्यायाधिकरणासमोर सांगशील का, असं तिनं विचारल्यावर लॉरेनचा चेहरा उतरला. पण सुनावणीला ती बर्मिंगहॅमला आली आणि तेच बोलली. अट एकीलाच का लावली, असं न्यायाधीशबाईंनी ट्रँटरला विचारलं. तो आधी प्रशिक्षणावर अडून राहिला, मग मर्लिनच्या स्वभावावर घसरला. निकाल मर्लिनच्या बाजूनं लागला. पुढं दुसऱ्या पाळीची प्रमुख ती झाली. लॉरेनचीही जागा राहिली.

सुनावणीच्या दिवशी बाहेर पडताना लिफ्टपाशी मर्लिननं ट्रँटरला गाठलंच. "मला का डावललं, ते तुम्हाला स्वतःला तरी ठाऊक होतं का?"

तो म्हणाला, "मी विचारच केला नव्हता. प्रमुख म्हटलं की डोळ्यांपुढं लॉरेनच आली."

परतीच्या बसमध्ये तिनं हे लॉरेनला सांगितलं.

"म्हणजे प्रशिक्षणाचं कारण सांगताना तो खोटं बोलत नव्हता?" लॉरेननं विचारलं.

"तेच तर मला अजून उमगत नाही," मर्लिन म्हणाली.