तळहातावरचा हरभरा

निगडीच्या आमच्या डॉक्टरबाई समोर बसलेल्या बाईच्या तळहातावर आधी एक हरभरा ठेवायच्या. टेबलावर बरणीच भरलेली असायची.

"एवढीशी ग्रंथी. मेंदूच्या खाली. सगळा कारभार हिचा."

एवढं सांगून त्या स्वतःच त्या दाण्याकडे बघत राहायच्या. रोजच्याच कामाचं रोज नवल वाटणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

त्यांचा आवाज इतका हळू की आपणच पुढे वाकायचं. आणि माझा नवरा चाकणच्या कारखान्यात, पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस शॉपमधला. यंत्रांच्या धडधडीत ओरडून ओरडून त्याचा आवाज घरीसुद्धा खाली येत नसे.

"हळू बोला हो," बाई म्हणायच्या, "इथे प्रेस चालू नाही."

आम्हाला मूल होत नव्हतं. बारशांना जाणं मी कधीच बंद केलं होतं, नको त्या नजरा. बीज वाढायचं, पण सुटायचंच नाही. एकदा नवरा कळवळून म्हणाला, "मॅडम, औषध डबल करा ना. जरा जोर लावू."

"जोर कशाला?" माझ्या तळहातावरच्या हरभऱ्याकडे बोट करत बाई म्हणाल्या. "मेंदू या ग्रंथीला निरोप पाठवतोच आहे. बीज वाढतं तसं बीजकोशातून इस्ट्रोजेन वाढतं. ते इथे येऊन पेशींमधली जनुकं जागी करतं, मग निरोप घेणारे रिसेप्टर जास्त तयार होतात. आवाज तोच हो, कान वाढतात. पुरेसे वाढले की ही एकदम हुकूम सोडते आणि बीज सुटतं. आहे तेच औषध चालू ठेवू. वाढू देत कान."

मी हळूच मूठ मिटली. माझ्या डोक्यात, मला पत्ताही नसताना, कुणीतरी कान देऊन बसलंय. एरवी मी माझ्या शरीराला नुसत्या शिव्या घालत होते.

काही महिन्यांनी सोनोग्राफी करताना बाई थांबल्या. "सुटलं," त्या पुटपुटल्या, जणू जगात पहिल्यांदाच घडत होतं. त्या खेपेला दिवस राहिले. मुलगी झाली.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्याआधी थोडेच दिवस आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो होतो. दवाखाना बंद झाला होता, कानांनीही साथ सोडली होती. त्यांनी कानामागे हात धरला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता बोला हो जोरात."

अख्ख्या शॉपला ऐकू जाईल असा आवाज त्याचा, पण तोंडातून शब्द फुटेना. ओठ नुसते हलले. शेवटी त्याने लेकीचा हात उचलून त्यांच्या हातात दिला.

बाईंनी तो चिमुकला तळहात उघडला आणि बघत राहिल्या, पूर्वी त्या हरभऱ्याकडे बघायच्या तशाच.

"ऐकू आलं," त्या म्हणाल्या.